पटणं, पटवणं आणि पटवून देणं: एकाच शब्दात एवढा फरक कसा काय?

"मी सरांना पटवून दिलं" आणि "मी सरांना पटवलं". मराठी घरात वाढलेल्या कोणालाही ही दोन वाक्यं ऐकवा, फरक लगेच जाणवतो. पहिल्यात माणसाने काहीतरी मुद्दा मांडला, कागद दाखवले, कारणं सांगितली आणि सरांनी मान डोलावली. दुसऱ्यात नक्की काय केलं ते सांगितलेलंच नाही, गोड बोलून केलं असेल, चहा पाजून केलं असेल, सारखं मागे लागून केलं असेल, पण सर आता आपल्या बाजूला आहेत एवढं नक्की. आणि "मी तिला पटवलं" म्हटलं की तर विषयच बदलतो, तिथे मुद्दा काय होता असं कोणी विचारतच नाही. मराठी नव्याने शिकणारे लोक इथे हमखास अडकतात. शब्दकोशात बघितलं तर पटवणे म्हणजे मान्य करायला लावणे, खात्री करून देणे, मग एखादा सरळ मनाने ऑफिसात "मी मॅडमना पटवलं" म्हणतो आणि शेजारच्या टेबलावर हसू फुटतं, त्याला कळत नाही काय झालं. अशांसाठी, आणि जे हा शब्द रोज वापरतात पण तो असा का वागतो याकडे कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठीही, हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात पटवणे पासून नाही, पटणे पासून करायला लागेल, कारण खरी गंमत तिथे आहे. "मला तुझं म्हणणं पटलं." ह्या वाक्यात मी काहीच करत नाही, बघा. मी 'ला' प्रत्यय लावून बाजूला बसलोय आणि जे काही घडतंय ते म्हणण्याचं घडतंय. मुद्दा पटला, गोष्ट पटली, म्हणणं पटलं, कारणं पटली, क्रियापद त्या गोष्टीप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीत अशी बरीच क्रियापदं आहेत, मला आवडतं, मला समजतं, मला रुचतं, मला आठवतं. ही सगळी मनात आपोआप होणारी कामं आहेत, ठरवून करता येत नाहीत. मी ठरवून चालू शकतो, ठरवून जेवू शकतो, पण मला ठरवून काही पटत नाही. पटलं तर पटलं. विदर्भात "मले नाई पटत" म्हणतील, म्हणजे ला चा ले झाला पण माणूस तसाच बाजूला बसलेला आहे.

म्हणून पटणं ही ज्याच्या मनात होते त्याच्या मालकीची गोष्ट आहे. बाहेरच्याने फक्त ती घडावी अशी खटपट करायची. ही खटपट सांगायला मराठीत क्रियापदाला 'व' जोडावा लागतो, ज्याला शाळेत आपण प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो, हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे, तसंच पटणे-पटवणे. (तोच व "मला बघवत नाही", "त्याला जेववत नाही" मध्येही येतो पण तिथे अर्थ शक्य असण्याचा आहे, तो वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही.)

आता समजावणे पेक्षा पटवणे थोडं जास्त मागतं. "मी त्याला खूप समजावलं पण त्याला काही समजलं नाही" हे वाक्य चालतं, रोज कोणीतरी म्हणतंच. पण "मी त्याला पटवलं पण त्याला पटलं नाही" म्हणून बघा. अडखळायला होतं ना? कारण पटवलं म्हटलं की काम फत्ते झालं असंच धरलेलं असतं. समोरच्याला पटलं नसेल तर तुम्ही पटवलं नाही, तुम्ही फक्त पटवायचा प्रयत्न केलात. म्हणून आपण "पटवून सांगितलं" आणि "पटवून दिलं" ह्यात फरक करतो. "डॉक्टरांनी परोपरीने पटवून सांगितलं तरी त्याने ऐकलं नाही" हे बरोबर आहे, सांगणं डॉक्टरांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. "पटवून दिलं तरी त्याला पटलं नाही" हे खटकतं, कारण देणं तेव्हाच पुरं होतं जेव्हा समोरचा घेतो. आणि "तो तिला पटवतोय" म्हणजे खटपट चालू आहे, निकाल लागलेला नाही. एवढा बारीक हिशोब आपण बोलताना विचार न करता ठेवतो.

मग मुलगी पटवणे, पोरगा पटवणे हे कुठून येतं? माझं म्हणणं असं की वाक्यातून मुद्दा उचलला की हे होतं. पूर्ण वाक्यात तीन जागा असतात, पटवणारा, ज्याला पटवायचं तो, आणि जे पटवायचं ते. "ताईने बाबांना हॉस्टेलचं पटवून दिलं." ताई, बाबा, हॉस्टेल. तिघंही जागेवर आहेत म्हणून वाक्य स्वच्छ आहे, कशावर बोलणं झालं ते सगळ्यांना दिसतंय. आता हॉस्टेल काढून टाका, "ताईने बाबांना पटवलं". वाक्य अजून घरगुती आणि प्रेमाचं आहे, भावंडं गोव्याच्या ट्रिपच्या आधी "तू आईला पटव, मी बाबांना पटवतो" म्हणतातच आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण काय पटवायचंय ते घरात सगळ्यांना माहितीच असतं. पण हेच बाहेर नेलं, "क्लार्कला पटवलं आणि काम करून घेतलं", की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, कशाने पटवलं? मुद्दा दिसत नाही म्हणजे मुद्द्याच्या जागी दुसरं काहीतरी असणार, मस्का असेल, ओळख असेल, पैसे असतील. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये, अर्जात, बातमीत कायम पटवून देणे वापरावं आणि काय पटवून दिलं ते पण लिहावं. "आम्ही ग्राहकांना पटवतो" असं कोणत्याही कंपनीने लिहू नये, "विम्याची गरज ग्राहकांना पटवून देतो" असं लिहावं.

पुढची पायरी अजून वेगळी आहे. "त्याने पोरगी पटवली." इथे नुसता मुद्दा गेलेला नाही तर पोरगी मुद्द्याच्या जागी जाऊन बसलीये. तिचा ला गेला, आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालायला लागलं, जसं "गोष्ट पटवली" म्हणतो तसं. मराठीत माणसाला सहसा ला लागतो, मी रामूला बघितलं, आईला सांगितलं, आणि ला जातो तेव्हा ते माणूस कोणीतरी एक असतं, ठराविक नसतं: मुलगी बघायला गेलो, डॉक्टर शोधला, ड्रायव्हर ठेवला. पोरगी पटवली मध्ये तेच आहे. कट्ट्यावर नाव घेऊन बोलतानासुद्धा बहुतेक वेळा ला परत येतो, "त्याने तुझ्या मैत्रिणीला पटवलं". आणि स्वतःबद्दल बोलताना तर ला शिवाय चालतच नाही, "त्याने मला पटवलं" असं म्हणता येतं, "त्याने मी पटवली" हे मराठी माणसाच्या तोंडून निघणारच नाही. म्हणजे ही वाक्यरचना फक्त दुसऱ्याबद्दल वापरायची आहे, आणि तीही तो दुसरा समोर नसताना. मला स्वतःला हा शब्दप्रयोग म्हणूनच आवडत नाही, शिवी आहे म्हणून नाही, तशी ती नाहीच, पण ज्या क्रियापदात समोरच्याचं मन हीच मुख्य गोष्ट होती त्यातून ते मनच बाहेर काढल्यासारखं होतं.

आणि ह्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. स्थळं बघणं चालू असलेल्या घरात एखादी मुलगी म्हणते, "मला तो मुलगा काही पटला नाही." मान्य करायचं की नाही हे कोणाच्या हातात? तिच्या. ला जिला लागलाय तिच्या. आता कट्ट्यावरचं वाक्य घ्या, "त्याला पोरगी पटली". रचना तीच, एकाला ला आणि दुसरी तशीच, पण इथे होकार कोणी दिला? पोरीने! म्हणजे मान्यतेचा अधिकार वाक्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेला आणि शब्द एकही बदलला नाही. ऐकणारा कसं ओळखतो? संदर्भावरून, सुरावरून, कोण बोलतंय त्यावरून. मराठी शिकणाऱ्याला हे कुठल्याच कोष्टकात मिळणार नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय, लग्नाच्या बोलण्यात पटला म्हणजे पसंत पडला आणि प्रेमाच्या गप्पांमध्ये पटला म्हणजे हो म्हणाला.

हिंदी येणाऱ्यांना वाटतं आपल्याला हा शब्द येतोच. अर्धा येतो. हिंदीत "हमारी पटती नहीं" आहे, सौदा पटतो, लड़की पटाना आहेच. पण "मला तुमचा मुद्दा पटला" हे तिकडे ह्याच शब्दाने म्हणत नाहीत. त्यामुळे हिंदीतून मराठीत आलेला माणूस पटवणे ऐकलं की थेट लाइन मारण्याच्या अर्थावर जातो, आणि व्याख्यानात वक्ते "पटतंय का?" असं सगळ्या सभागृहाला विचारतात तेव्हा चकित होतो.

बाकी पटण्याची भावंडं भरपूर आहेत आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रुसलेल्या माणसाला आपण पटवत नाही, मनवतो किंवा त्याचा रुसवा काढतो, कारण तिथे नातं आधीपासून आहे आणि तेच परत जागेवर आणायचंय. रडणाऱ्या पोराची समजूत काढतात. जो एका दिशेने निघालाच आहे त्याचं मन वळवतात. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारी अर्ज मागे घ्यायची मुदत जवळ आली की पेपरात बघा, "नाराजांची मनधरणी", "बंडखोरांचं मन वळवण्यात यश", तिथे कोणी "बंडखोरांना पटवलं" असं छापत नाही, बोलताना मात्र कार्यकर्ते तेच म्हणतात. मनधरणी मध्ये धरणारा खाली आणि मन असलेला वर असतो, म्हणून पक्षाने मनधरणी केली म्हटलं की नाराज माणसाचं वजन वाढतं. गळ घालणे म्हणजे मागे लागून आग्रह करणे. गळी उतरवणे मध्ये थोडी जबरदस्ती आहे, समोरच्याला ते नको होतं पण उतरलं. भरीस पाडणे म्हणजे जे त्याने एरवी केलंच नसतं ते करायला लावणे, आणि नंतर पस्तावणारा माणूस हाच शब्द वापरतो, "मला भरीस पाडलं ह्यांनी". फूस लावणे आणि आमिष दाखवणे हे तर पोलीस स्टेशन आणि बातम्यांमधले शब्द झालेत, तिथे फसवणूक पक्कीच धरलेली असते.

प्रेमाच्या बाजूचे शब्द वेगळे. पुस्तकी मराठीत प्रियाराधन, प्रणयाराधना, ज्यात आराधना हा देवाचा शब्द आलाय, म्हणजे समोरच्याला मोठं मानलंय. अनुनय हा संस्कृतातला सुंदर शब्द, रुसलेल्याची विनवणी करून त्याला प्रसन्न करणे असा, पण आता तो राजकारणात अडकलाय, अमुक समाजाचा अनुनय चाललाय अशा आरोपातच ऐकू येतो. बोलण्यात मग काय उरतं? लाइन मारणे, गटवणे, सेटिंग लावणे, प्रपोज मारणे. गटवणे तर पटवणे पेक्षाही रांगडा. मागणी घालणे हा एक जुना स्वच्छ शब्द आहे पण तो थेट लग्नाचा, त्याच्या आधीचं जे हळूहळू एकमेकांना आवडत जाणं असतं त्यासाठी करणाऱ्याच्या बाजूने बोलणारा साधा, सभ्य, रोजचा शब्द मराठीत मला तरी सापडत नाही. जे आहेत ते दोघांचे मिळून आहेत, त्यांचं जमलं, त्यांचं जुळलं, सूत जुळलं. हे मला फार चांगलं वाटतं, जुळलं मध्ये कोणी कोणाला काही केलेलं नाही.

एक म्हण आपण सगळे वापरतो, कळतं पण वळत नाही. तिच्या मधोमध पटणं ठेवून बघा, सगळं समजावण्याचं शास्त्र समोर येतं. आधी कळतं, मग पटतं, मग वळतं. तंबाखूने कॅन्सर होतो हे तंबाखू खाणाऱ्या काकांना कळलेलं असतं, पाकिटावर चित्रच छापलंय. ते पटलेलं असेलच असं नाही, "आमचे आजोबा खायचे, नव्वद वर्षं जगले". आणि समजा पटलं तरी हात खिशात जातोच, वळत नाही. ह्या तीन जागांना तीन वेगवेगळी कामं लागतात. कळायला माहिती लागते, ते समजावणं. पटायला समोरच्याचं स्वतःचं मन कामाला लावावं लागतं, ते पटवून देणं. आणि वळायला सोबत लागते, आठवण करून देणारं कोणीतरी लागतं, दुसरी सवय लागते. आपण बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर जोरजोरात बोलत राहतो आणि मग म्हणतो, किती वेळा सांगितलं तरी ह्याला पटतच नाही. अहो, सांगून कळतं, पटत नाही.

पटवून देणं कसं असतं ह्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण गाडगेबाबांचं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस १९५६ पर्यंत गावोगाव फिरला, दिवसा झाडू घेऊन गाव साफ करायचं आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनाची पद्धत अशी की बाबा विधानं फार करायचेच नाहीत, वऱ्हाडी बोलीत समोर बसलेल्या लोकांना साधे साधे प्रश्न विचारायचे, लोक एका आवाजात उत्तर द्यायचे, मग पुढचा प्रश्न, परत उत्तर, आणि असं करत करत कर्ज काढून सण करू नये, देवाला बकरं कापू नये, दारू पिऊ नये, पोरांना शाळेत घालावं हे निष्कर्ष लोकांच्याच तोंडून निघायचे. म्हणजे वाक्यातला ला ज्याला लागतो त्यालाच त्यांनी बोलतं केलं. स्वतःच्या तोंडून निघालेलं नाकारणं अवघड असतं. पटणं समोरच्याच्या मनात होतं हे जे मी वर व्याकरणातून सांगितलं ते त्या माणसाने उभ्या महाराष्ट्रात करून दाखवलं, म्हणून त्यांची आठवण इथे आलीच.

आता पटवणे च्या दुसऱ्या टोकाचंही बोलायला हवं, कारण तिथे पोरं अडचणीत येतात आणि पोरींना त्रास होतो. पटवतोय हा चालू काळ आहे, निकाल लागायचा आहे, आणि "अजून पटली नाही" ह्यातला अजून फार घातक आहे. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की नाही हे उत्तर नाहीच, फक्त हो यायला उशीर होतोय. कायदा तसं मानत नाही. २०१३ च्या दुरुस्तीत भारतीय दंड संहितेत पाठलागाचा गुन्हा, कलम ३५४ ड, आणलं गेलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७८ म्हणून आहे. त्याचा सोपा अर्थ, एखाद्या बाईने रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने जवळीक साधायला तिच्या मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क करायचा प्रयत्न करणं, किंवा एरवीही तिचा इंटरनेटवरचा वावर किंवा मेसेज ह्यांवर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. त्याच संहितेचं कलम ६९ लग्नाचं खोटं वचन देऊन ठेवलेल्या संबंधांबद्दल आहे, त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे "पाळायचा विचारच नसताना लग्नाचं सांगून पटवलं" हे कट्ट्यावर फुशारकीचं वाक्य असेल, कोर्टात ते कबुलीचं होऊ शकतं. नको म्हटल्यावर पटवणं संपतं. पुढे जे चालू राहतं त्याला दुसरी नावं आहेत.

काही वापर ह्या सगळ्या भानगडीपासून लांब आहेत, ते पटकन सांगतो. ओळख पटणे, खूण पटणे, खात्री पटणे. "मृतदेहाची ओळख अद्याप पटलेली नाही" ही बातमीतली ओळ, इथे मन वळवायचा संबंध नाही, दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की पटल्या. भाजीवाली "पटलं तर घ्या" म्हणते तेव्हा भाव जुळण्याचंच म्हणते, आणि नवरा-बायकोचं पटत नाही म्हणजे स्वभाव जुळत नाहीत, तिथे पण मुद्दा नसतो, नुसतं त्यांचं. शेवटी लागणारं क्रियापदही बघावं लागतं: पटवून देणे हे दुसऱ्यासाठी, पटवून घेणे स्वतःसाठी ("पैसे देण्याआधी खात्री पटवून घ्या"), आणि पटवून ठेवणे म्हणजे आधीच तजवीज करणे, "मी येईपर्यंत आजीला पटवून ठेव". जुन्या छापील मराठीत पटविणे, पटविले असं दिसेल, आता पटवणे, पटवले लिहितात, बोलताना पटवणं, पटवलं, सगळं एकच.

आणि शिकणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. मराठीत वडीलधाऱ्यांशी, साहेबांशी असहमत व्हायचं असेल तर हाच शब्द सगळ्यात सुरक्षित आहे. "काका, तुम्ही चुकताय" म्हटलं की बोलणं संपतं, कारण बोट काकांकडे गेलं. "काका, मला ते तितकंसं पटलं नाही" म्हटलं की बोट स्वतःकडे राहतं, काकांना अजून एकदा सांगायची जागा मिळते, आणि तुम्ही नाही तर म्हटलंच आहे. तसंच समोरच्याला विचारताना "कळलं का?" पेक्षा "पटतंय का?" विचारा. कळलं का मध्ये तुम्ही मास्तर होता, पटतंय का ला समोरचा मोकळेपणाने नाही म्हणू शकतो, आणि तो नाही म्हणाला तर का ते विचारता येतं.